ट

शब्दकोशात त्या शब्दापुढे लिहिलं होतं:
भडक, चकचकीत, दोन पैशांचं.
टॉड्री.
परतवाड्याच्या कॉलेजात खंडारकर सरांनी
माझ्या ओढणीकडे बघत उदाहरण दिलं.
गोंडे मीच लावले होते, बाबांच्या पेटीतले.

दुपारी लायब्ररीत बसून
मी तो शब्द उसवला.

तेराशे वर्षांपूर्वी ऑड्री नावाची राजाची मुलगी
दलदलीतल्या एका बेटावर
जोगीण होऊन राहिली.
शेवटी तिच्या गळ्याला गाठ आली.
ती म्हणाली, बरं झालं,
पोरवयात फार माळा मिरवल्या होत्या.
लोकांनी तिला संत केलं
आणि तिच्या नावाच्या जत्रेत
विकायला मांडलं काय, तर
गळ्यात बांधायच्या रेशमी फिती.

फिती चांगल्या होत्या. नावही चांगलं होतं,
सेंट ऑड्रीची लेस.
पण इतक्या तोंडांतून ओढल्यावर
कुठला पीळ टिकतो?
सेंट झिजला. त्याचा शेवटचा ट तेवढा
ऑड्रीला चिकटून राहिला.
मग रेशीम हलकं झालं, रंग कच्चा झाला,
आणि बाईचं नाव
नाक मुरडून घ्यायचं झालं.

हे मी बाबांना सांगितलं बहिरमच्या जत्रेत.
पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून
ते करदोडा वळत होते.
शेजारच्या राहुटीत हंडी चढलेली,
रोडग्यांचा धूर आमच्या मालावर.
पोळ्यात न खपलेली दोन बाशिंगं
दोरीला उलटी टांगलेली.

"म्हंजे गाठ सुटली, टोक राह्यलं," ते म्हणाले.
"तवाच कापाले पाह्यजे होतं."

एक गिऱ्हाईक आलं, गेलं.

"आपल्याकडं नाही का, बेगडी म्हनते लोकं.
म्या बेगड लावून कोनाले फसवलं?
बेगड तं दुरूनच सांगते,
मी बेगड हाव.
सोनं सांगते का?"

मग, दोरा न सोडता:
"ते बाई कायनं मेली म्हनलं तू?"

मी म्हटलं नव्हतं. ती गाठ मी गाळली होती.
आता सांगितली.

अंगठ्यातला दोरा तसाच ताणलेला राहिला.

आमच्या भाषेत त्या दुखण्यालाही माळच म्हणतात.
गंडमाळ.
आईच्या गळ्यात शेवटी दोनच दागिने होते,
एक ती,
आणि तिच्यावरून बाबांनी बांधलेला
काळा गंडा, लाल गोंड्याचा.
अमरावतीच्या दवाखान्यात नर्सनं तो कापून
टोपलीत टाकला.
बाबा टोपलीत हात घालून बसले होते.

सुकराय कासदेकर दरवर्षी येते,
सेमाडोहच्या पुढून, तीन गाड्या बदलून.
तिनं सगळ्यांत भडक निवडला,
हिरव्यावर गुलाबी, मध्ये आरसा,
आरशाभोवती बेगड.
गळ्याशी धरून विचारलं, कसा दिसते?
मी उत्तर शोधत होते
मराठीत, मग इंग्रजीत.
बाबा म्हणाले, "जत्रेसारका."
ती इतकी हसली की आरसा हलला
आणि राहुटीच्या कापडावर
उजेडाचा एक ठिपका पळत गेला.

गाठ बाबांनीच मारली, मानेमागं.
उरलेलं टोक जाळायला काडी ओढली,
ती वाऱ्यानं विझली. दुसरी ओढली नाही.
टोक तसंच लोंबत राहिलं
तिच्या पाठीवर, बोटभर.

तीस रुपये झाले होते.
तिनं पंचवीस दिले.